घर सोडून सगळीकडं जेवलो

विमल, तुझ्या टेबलावर आता एक गृहस्थ बसतात. मी निवेदन पुढं सरकवलं आणि विचारलं, "विमलताई रजेवर का?" त्यांनी आधी शिक्का मारला, सही केली, माझी प्रत माझ्या हातात दिली आणि मग म्हणाले, "त्या वारल्या, बाई. कावीळ झाली होती. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

कोण कळवणार? आपली इतकी मैत्री, पण तुझ्या घरच्यांना माझं नाव माहीत आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं.

जेवणाची वेळ झाली होती. कचेरीच्या फाटकातून बाहेर आले आणि पाय सवयीनं समोरच्या उडप्याकडं वळले. दारापर्यंत गेले. गल्ल्यावरच्या अण्णांनी मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, तू येतेस का ते. मी तशीच परत फिरले. मोर्चात सगळ्यांच्या पुढं चालणारी बाई मी. पण एका टेबलावर एकटीनं बसून इडली खाणं मला झेपलं नाही.

आमच्या संघटनेच्या अंकासाठी तुझ्यावर रकानाभर लिही, असं मंडळींनी सांगितलं. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. मी नाही म्हटलं. तू मनमिळाऊ नव्हतीस. ताट पुढं आल्यावर तर अजिबातच नव्हतीस. तुझ्याबद्दल लिहिण्यापेक्षा तुलाच लिहिते.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा लातूर जिल्हा नवानवा होता. कचेरीच्या भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. पाऊस पाठ फिरवून गेला होता आणि अहमदपूरकडच्या आमच्या एका वस्तीवर टँकर सगळ्यात शेवटी पोचत होता. गावाची भांडी भरली की तळाचा गाळ आमच्याकडं. मी त्याचं निवेदन घेऊन आले होते, सोबत पत्रकही होतं. आवक टेबलावरचा माणूस कधी काही वाचत नसतो, शिक्का मारून मोकळा होतो. तू मात्र पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंस. मग चष्मा वर सारून विचारलंस, "सकाळपासून काही खाल्लंय का?"

मी म्हटलं, "त्याचा इथं काय संबंध?"

"'जाहीर धिक्कार' चार जागी आलाय. उपाशी माणसाचं असं होतं. चला."

मला राग आला होता आणि भूकही लागली होती. मी आले.

उडप्याचं हॉटेल महिन्यापूर्वीच उघडलं होतं. तू म्हणालीस, "लोकांनी जिल्हा मागितला तवा त्यांना वाटलं, पाणी येईल. आला कोण, तर डोसा." पाणी तिथंही मागितल्याशिवाय मिळत नव्हतं आणि मागितलं तरी अर्धा गिलास. तू सरळ मागच्या बाजूला गेलीस, हिरवा पडदा सारलास आणि 'फॅमिली रूम' नावाच्या त्या खोक्यात जाऊन बसलीस. मी बाहेरच उभी. बायकांना पडद्याआड बसवणाऱ्या हॉटेलवर आमच्या संघटनेनं नांदेडला पत्रक काढलं होतं. मीच लिहिलं होतं ते.

"बाहेर बसू," मी म्हटलं.

"बाहेर माझ्या गावचे चौघं भेटतात. चौघं रामराम घालतात आणि चौघं घरी जाऊन सांगतात, तुमची विमल हॉटेलात बसली होती. इथं आत मी कुणाची लेक नसते. बस."

"म्हणजे लपायचं."

"लपायचं न्हाई, जेवायचं."

मी उभ्याउभ्या तुला पडद्याचा इतिहास सांगितला. बाईला भिंत पुरत नाही म्हणून तिच्यासाठी कापडाची भिंत शोधली, असं बरंच काही. संपल्यावर पाहिलं तर माझ्या डोशातला अर्धा तू खाल्ला होतास. "गार झाला असता," म्हणालीस.

पुढच्या खेपेला तू आपण होऊन बाहेरच्या टेबलावर बसलीस, भर रस्त्याकडं तोंड करून. पण सारखी पदर ओढत होतीस, दाराकडं बघत होतीस. चटणी दुसऱ्यांदा मागितलीही नाहीस. मी जिंकले होते आणि त्या जेवणाला काही चव नव्हती. नंतर आपण कधी आत बसलो, कधी बाहेर. तो वाद मिटला नाही. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरोबर असून खाल्लं काय?

सुट्टीला तू नांदेडला मावशीकडं यायचीस आणि मावशीला बाजाराचं सांगून माझ्यासोबत निघायचीस. नांदेडमध्ये तुला कुणी ओळखत नव्हतं. तिथं तुझी चालच वेगळी असायची. देगलूर रस्त्यावरच्या आंध्रा मेसमध्ये तो वाढपी भात घालतच राहायचा, "इंका कोंचम, इंका कोंचम," आणि तू हात आडवा न करता त्याला म्हणायचीस, "आण की. भिते का मी?" सरदारजींच्या ढाब्यावर तू डाळीत मीठ जास्त आहे म्हणून भांडलीस आणि सरदारजींनी दुसरी डाळ आणून, शेजारी उभं राहून तुला खायला लावली.

मी तुला गुरुद्वाऱ्याच्या लंगरला नेलं. मला वाटलं, बघ म्हणावं, समता काय असते ती. एका पंगतीत मजूर, व्यापारी, बाया, म्हातारे, कुणी कुणाला जात विचारत नाही. तू पोटभर जेवलीस, डोकं टेकवलंस आणि बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणालीस, "चांगलंच हाय. पण आपल्याला हॉटेल बरं."

"का?"

"इथं नावं ठेवता येत न्हाईत."

आणि ते जुन्या मोंढ्यामागचं चाचांचं हॉटेल. तिथं पडदाही नव्हता. दोन बाया आत आल्या म्हणून चाचांनी स्वतः उठून कोपऱ्यातलं टेबल पुसलं. तुझे वडील माळकरी. मटण तुझ्या घराच्या चौकटीतून कधी आत आलं नव्हतं. तू माझ्या ताटातला शेरवा बोट बुडवून चाखलास आणि म्हणालीस, "मला बी सांग."

"बाजी, नल्ली डालूं क्या?" चाचांनी विचारलं. "नक्को बोले तो नक्को."

तुला नल्ली म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी ते मगजाचं हाड ताटावर आपटून दाखवलं. मग तू आपटलंस, तर अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं.

"हे काय बघून राहिले?" तू विचारलंस.

"तू दगड फोडून राहिली म्हणून."

तू हसलीस ते ठसका लागेपर्यंत. माझ्याच गिलासातलं पाणी उचलून प्यालीस. तुझ्या ध्यानात आलं नसेल, माझ्या आलं. निघताना लिंबाची फोड मागून हात चोळत बसलीस, मावशीला वास येऊ नये म्हणून. सगळा रस्ताभर हाताचा वास घेत होतीस.

आता त्या खानावळीबद्दल लिहायला हवं. ते टाळलं तर हे सगळं नुसतं खाण्याचं वर्णन होईल.

लातुरातच, गंज बाजाराच्या मागं. लिंगायत अक्का चालवायच्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. तुझं आवडतं ठिकाण. अक्कांनी वाढता वाढता सहज विचारलं, "कोणाच्या गं पोरी तुम्ही?" तू वडिलांचं नाव, गाव सांगितलंस. रेणापूरकडचं घर, जमीनजुमला, अक्कांना ओळख पटली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मावसबहीण हाय माझी."

मी घास खाली ठेवला आणि माझं आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, आणि गावातली कुठली बाजू तेही सांगितलं.

अक्का उठा म्हणाल्या नाहीत, निघा म्हणाल्या नाहीत. वाढायचंही थांबवलं नाही. फक्त पुढची भाकरी माझ्या ताटात हातभर उंचीवरून पडली.

तू ते पाहिलंस. अर्ध्या भाकरीवरून उठलीस. ताटात कण न ठेवणारी तू, हातसुद्धा न धुता बाहेर आलीस. मला वाटलं, आता तू माझ्या खांद्यावर हात ठेवशील. तू तर माझ्यावरच कडाडलीस.

"तुला दोन घास गप बसता येत न्हाई का?"

"खोटी बहीण होऊन जेवू?"

"खोटी? मी खोटं बोलले का?"

"बहीण ना मी? मग बहिणीला घरी कधी नेते?"

भर रस्त्यात आपण उभ्या होतो. बाजूनं कडब्याची गाडी चालली होती. तू ती पुढं जाऊ दिलीस. मग म्हणालीस, "हॉटेलात काय वाईट हाय? तिथं तुझं घर न्हाई, माझं बी न्हाई. दोघी सारख्याच गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक आहोत, मैत्रिणी कुठं आहोत? तू ये माझ्याकडं. आज चल. माझी आई आत्ता भाकरी टाकेल."

"न्हाई येणार." इतकं ताडकन म्हणालीस की मला चटका बसला. "पुढारी येतात तुमच्या वस्तीत, भाकर खातात, फोटो काढतात आणि मोठे होऊन जातात. मी तसलं जेवणार न्हाई. आधी तू माझ्या घरात जेव, माझ्या आईच्या हातचं. मग मी तुझ्याकडं येते आन् तुझी कढई रिकामी करते."

"मग ने की."

"थांब जरा."

तेच तुझं उत्तर. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी विचारलं आणि प्रत्येक भेटीत तू "थांब जरा" म्हणालीस. मी तुला काय काय म्हटलं नाही. पाटलीण म्हटलं, भित्री म्हटलं, तुझं पुरोगामीपण बिलाच्या टेबलाशी संपतं म्हटलं. तू म्हणायचीस, "हे पत्रकात घाल, चांगलं हाय," आणि दुसरा वडा मागवायचीस. शेवटचं भेटलो ते बसस्टँडच्या कँटीनमध्ये. तू वडा कुस्करून तसाच ठेवलास. मी म्हटलं, "आजारी आहेस का?" तू म्हणालीस, "पाणी बाधलंय." नांदेडची गाडी लागली आणि मी खिडकीतून पुन्हा तेच विचारलं. गाडी हलली. तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. ओठ मात्र मला पाठ होते.

कावीळ टँकरच्या पाण्यानं झाली की विहिरीच्या तळाच्या, मला माहीत नाही. पत्रक असतं तर ठोकून लिहिलं असतं आणि ते फारसं चुकलंही नसतं. जिल्हा होतो, कचेरी होते, कचेरीला रंग लागतो, आणि त्याच कचेरीत पाण्याचे अर्ज घेणारी बाई पाण्यानं मरते. याच्यावर मी लिहीनच. पण तुझ्यासमोर नको. तू मोजशील, धिक्कार किती वेळा आला ते.

तुझ्या तेराव्याला मी तुझ्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. फाट्यावर उतरून चालत गेले. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. मनाशी ठरवलं होतं, आज उत्तर घेऊनच परतायचं. मला वेगळं बसवलं, माझी पत्रावळ निराळी ठेवली, तर तिथंच उभी राहून बोलणार, तुझं तेरावं असो की काही असो. आणि नीट वागवलं, तर मग तू मला इतके दिवस का थांबवलंस, याचा जाब विचारायला तू नव्हतीस.

दारातच तुझा भाऊ भेटला. "कुठून आल्या?" मी नाव, आडनाव, गाव सगळं सांगितलं, त्यानं न विचारता. तो "बसा" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दिवसभराच्या उन्हानं आणि रडण्यानं त्याचा चेहरा नुसता थकलेला होता. मी मुद्दाम बायकांच्या पंगतीत मधोमध बसले. कुणी सरकलं नाही. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही.

मग पाणी आलं. एक बाई चरवी घेऊन रांगेनं येत होती आणि वरूनच धार धरत होती.  विमल, ती धार मी लहानपणापासून ओळखते. लोह्याच्या बाजारात चहावाला आम्हाला तशीच धार धरायचा आणि आम्ही ओंजळ करायचो. मी उठायला हात टेकला. तेवढ्यात दिसलं, माझ्या आधी सरपंचाच्या बायकोनं ओंजळ धरली होती. तिच्या आधी तुझ्या मावशीनं. वाढणारी बाई सगळ्यांनाच म्हणत होती, "भांडं तोंडाला लावू नका गं, विसळायला थेंब न्हाई." अख्खी पंगत वाकून ओंजळीनं पाणी पीत होती. दुष्काळानं सगळ्यांनाच माझ्या रांगेत आणून बसवलं होतं आणि मला काय विचारायचं होतं तेच पुसून टाकलं होतं. एरवी मला गिलास मिळाला असता का? मीही ओंजळ धरली. तुझ्या घरचं पाणी मी प्याले, आणि प्याले म्हणजे काय झालं, ते मला कळलं नाही.

जेवणं उरकल्यावर तुझी आई जवळ आली. पायाशीच बसली.

"लातुरात तिच्या संगं जेवायला असायची ती तूच का?"

"हाव."

म्हणजे तिला माहीत होतं.

"आज पुरण केलं. सगळे म्हणले तिला आवडायचं. मला तं कधी दिसलं न्हाई. सुट्टीला आली की अर्ध्या पोळीवर उठायची. काय खायची गं ती तिकडं?"

पलीकडं तुझे वडील बसले होते, गळ्यात माळ. मी आजवर कुणासमोर शब्द गिळलेला नाही. म्हटलं, "डोसा खायची. चटणी दोनदा मागायची."

"आन् काय?"

"शेंगाची चटणी. आंध्रावाल्याचा भात."

"आन् काय?"

मी गप्प राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. समजलं."

ती मला वेशीपर्यंत सोडायला आली. वाटेत आपणच बोलली. "लई मागं लागली होती. सुजाताला आणते, सुजाताला आणते. मी म्हणले, पाऊस पडू दे, हिरीला पाणी येऊ दे. घरात प्यायला न्हाई, पाहुणीला काय देऊ?"

मी थांबले. मला आडवळण जमत नाही, हे तुला माहीत आहे. "पाणी असतं तर मला आत बसवलं असतं का, आई?"

ती चटकन हो म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. ती उन्हात उभी राहून विचार करत राहिली.

"ठाऊक न्हाई, बाई. तिनं इचारलं तवा बी ठाऊक नव्हतं. म्हणून तं पाण्याचं नाव पुढं केलं."

"विमलला कळलं होतं?"

"लेक व्हती माझी. कळल्याबिगर ऱ्हाती का? पण भांडली न्हाई. ढग आलं की नुसतं म्हणायची, आई, आता आणू का?"

आणि मला म्हणायचीस, थांब जरा.

विमे, मी तुझ्या आईला माफ केलेलं नाही. तुलाही नाही. हे मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभी राहिले असते, कदाचित उपाशी परतले असते, पण त्या दारात आपण दोघी एका बाजूला असतो. तू एकटीच मधे उभी राहिलीस. माझ्या शिव्या खाल्ल्यास, आईचा पाऊस ऐकलास, आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाहीस. मला वाटायचं, तुला भांडता येत नाही.

वेशीवर तुझ्या आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाऊस पडल्यावर ये," म्हणाली. "तवा बघू, मी कशी हाय ते."

मी येते म्हणाले नाही. येणार नाही असंही म्हणाले नाही.

काल दुपारी नांदेडवर ढग आले. गल्लीतल्या बायका भांडी घेऊन बाहेर धावल्या. मीही दारात आले, मान वर करून उभी राहिले. दोन वर्षं पाण्यासाठी घसा फोडलेली मी. आणि विमल, तो पाऊस पडावा असं मला वाटत होतं की नव्हतं, ते मला सांगता येत नाही.